फीड रीडरचा नवा अपडेट : वाचता वाचता यादी आता हलत नाही

उघडपान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आपल्या फीड रीडरची (संकेतस्थळं नव्या लेखांची जी यादी देतात ती फीड; अशी अनेक फीड एकत्र वाचायचं हे ॲप) नवी आवृत्ती आता सगळ्यांपर्यंत पोचली आहे. या ॲपच्या स्क्रीनवर काम करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी मी एक. काय काय बदललं याची जंत्री अपडेटसोबत आलेलीच आहे. इथे त्यातले काही बदल का केले ते जरा ऐसपैस लिहितो, कारण त्यातले एकदोन काहींना खटकणार हे आम्हाला ठाऊक आहे, आणि कारणं समोर असली की बोलणं नेमकं होतं.

नवे आयकॉन आणि रंग लगेच डोळ्यांत भरतात, पण ते दुय्यम आहेत. खरं काम झालंय ते यादीवर. आतापर्यंत काय व्हायचं? तुम्ही खाली खाली जात एका मथळ्यापाशी पोचलेले असता. तेवढ्यात मागच्या मागे सिंक (नव्या बातम्या उतरवून घेण्याचं काम) पूर्ण होतो, नव्या बातम्यांचा गठ्ठा वर येऊन बसतो आणि अख्खी यादी खाली सरकते. बोट टेकायला आणि मथळा बदलायला एकच गाठ पडते. भलतीच बातमी उघडते, ती 'वाचली' म्हणून नोंदली जाते, आणि जी वाचायची होती ती हुडकत बसावं लागतं. पुस्तकातली आपली खूण कुणी परस्पर दुसऱ्या पानात घालावी, तसला हा प्रकार होता.

याचं कारण साधं होतं. यादीतली जागा 'वरून कितवी ओळ' अशी लक्षात ठेवली जायची. आता ती 'कुठली बातमी' अशी ठेवली जाते. आरएसएस आणि ॲटम हे फीडचे दोन प्रकार. आरएसएसमध्ये बातमीला 'जीयूआयडी' आणि ॲटममध्ये 'आयडी' नावाची ओळख असते, तिला यादी बांधून टाकली आहे. ॲटममध्ये ही ओळख सक्तीची आहे, आरएसएस २.० मध्ये ऐच्छिक. म्हणून ती न देणाऱ्या फीडसाठी बातमीचा दुवा धरतो, आणि दुवाही नसेल तर मथळा आणि तारीख मिळून ओळख तयार करतो. नव्या बातम्या आल्या की त्या वर थांबून राहतात आणि माथ्यावर एक बारीक पट्टी दिसते : 'नव्या बातम्या आल्या आहेत'. पट्टी दाबली तर वर जाल. नाही दाबली तर जिथे आहात तिथेच राहाल, कितीही वेळ. अँड्रॉइडने मेमरीसाठी ॲप बंद केलं, तरी पुन्हा उघडल्यावर तोच मथळा समोर असेल.

चित्रांचंही तसंच. चित्र उशिरा उतरलं की ओळीची उंची वाढायची आणि खालचं सगळं ढकललं जायचं. बहुतेक फीड चित्राची लांबी-रुंदी सांगतच नाहीत, त्यामुळे आता यादीत चित्रासाठी ठरावीक मापाचा चौकोन आधीच राखून ठेवतो. चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातील. बातमी उघडल्यावर ते पूर्ण दिसतं.

'सगळं वाचलं' हे बटण सिंकच्या बटणाला खेटून होतं. आता ते तिथून हलवलंय. दाबल्यावर 'परत घ्या' असं बटण खाली काही सेकंद दिसतं. दाबून धरलंत तर 'एक दिवसाहून जुन्या तेवढ्याच' आणि 'एक आठवड्याहून जुन्या तेवढ्याच' असे पर्याय मिळतात. स्क्रोल करताना आपोआप 'वाचलं' होण्याची सोय ठेवली आहे, पण ती मुळात बंद असते. मथळ्यावरून नजर फिरवणं आणि बातमी वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुठली घडली हे ॲपला कळत नाही. ते वाचकाने सांगावं.

स्वाइपविषयी जरा सविस्तर. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, स्क्रीनच्या कडेवरून आत ओढलं की 'मागे जा' होतं. आपल्या यादीतही ओळ डावी-उजवीकडे सरकवून 'वाचलं' किंवा 'जपून ठेवा' करता येतं. दोघांची टक्कर व्हायची. 'हा भाग माझा, इथे मागे जाऊ नको' असं ॲप सिस्टीमला सांगू शकतं, पण प्रत्येक कडेला फक्त २०० डीपी (स्क्रीनवरचं अंतर मोजायचं अँड्रॉइडचं माप) उंचीपुरतं. यादी तर अख्ख्या स्क्रीनभर असते. तेव्हा तो मार्ग सोडला. आता कडेलगतची पट्टी सिस्टीमला पूर्ण मोकळी ठेवली आहे आणि आपला स्वाइप मथळ्याच्या मजकुरावरून सुरू झाला तरच धरला जातो. शिवाय बोट ठरावीक अंतर पार करेपर्यंत काहीच होत नाही, आणि त्याआधी परत आणलंत तर ओळ जागच्या जागी येते.

वरची बटणं खाली आली आहेत, अंगठा पोचावा म्हणून. प्रत्येक बटणाची दाबण्याची जागा किमान ४८ डीपी आहे.

तुमचे अनुभव लिहा. अडचण सांगताना फोनची अँड्रॉइड आवृत्ती आणि अक्षराचा आकार किती ठेवलाय तेवढं जरूर लिहा.

जुनाजाणता

यादी न हलणं हे फार मोठं काम झालं. अभिनंदन.

मी गूगल रीडर २००५ साली आला तेव्हापासून फीड वाचतो. १ जुलै २०१३ ला तो बंद झाला आणि आपण सगळे ओपीएमएल फाइल (आपल्या सगळ्या फीडची यादी) घेऊन नव्या घराच्या शोधात निघालो, हे इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. त्यातले जे आणि के हे दोन कळफलकाचे शॉर्टकट मला आजही हवेसे वाटतात : पुढची बातमी, मागची बातमी, बस. फोनवर बातमी संपली की परत यादीत जायचं, पुढची उघडायची, यात निम्मा वेळ जातो. बातमीतूनच थेट पुढच्या बातमीत जाण्याची सोय आहे का?

दुसरं, 'न वाचलेल्या' बातम्यांचा आकडा. गूगल रीडर हजारापुढे मोजणं सोडून नुसतं '१०००+' लिहायचा. आपल्या ॲपात पूर्ण आकडा फोल्डरच्या नावाशेजारी ठळक दिसतो. सुट्टीवरून आलं की तो पाहून ॲप उघडावंसंच वाटत नाही.

उघडपान

जुनाजाणता, बातमीच्या शेवटी आणखी वर ओढलंत की पुढची बातमी उघडते, आणि खालच्या पट्टीत 'मागची-पुढची' बाणही आहेत. बाहेरचा कळफलक जोडलात तर जे आणि के चालतात. टॅबलेटवर वाचणाऱ्यांसाठी ते मुद्दाम ठेवले आहेत.

आकड्याबद्दल अगदी सहमत. ईमेलचा आकडा म्हणजे कुणीतरी उत्तराची वाट पाहतंय. फीडमध्ये कुणी तुमची वाट पाहत नसतं, तरी आकडा तसाच तगादा लावतो. या आवृत्तीत आकड्याऐवजी नुसता ठिपका दाखवायचा पर्याय आहे आणि नव्याने ॲप घेणाऱ्यांना ठिपकाच दिसेल. जुन्या वाचकांची सेटिंग आम्ही बदललेली नाही. सेटिंग, मग यादी, मग 'न वाचलेल्यांची खूण' इथे ती सापडेल.

सुटसुटीत

मी थोडा विरोधी सूर लावतो. बटणं खाली आणल्याने माझी बोटांची सवय मोडली, ते ठीक, होईल सवय. पण यादी अजूनही निव्वळ वेळेच्या क्रमाने लागते. माझ्याकडे दोन मोठ्या वृत्तसंस्थांची फीड आहेत, ती दिवसभर ओतत असतात. त्याच फोल्डरमध्ये महिन्यातून एखादा लेख लिहिणारे तीन ब्लॉग आहेत. त्यांचे लेख त्या पुरात दिसतच नाहीत. 'महत्त्वाचं वर' असं काही का करत नाही? बाकीची ॲपं करतात.

उघडपान

तुमची अडचण खरी आहे, उपाय मात्र मला वेगळा वाटतो.

'महत्त्वाचं' कोण ठरवणार? ॲपने ठरवायचं तर तुम्ही काय उघडता, कशावर किती वेळ थांबता हे टिपावं लागेल, आणि मग यादी रोज त्या हिशेबाने वर-खाली होत राहील. आत्ता क्रम का असा आहे याचं उत्तर एका वाक्यात देता येतं : नवं वर, जुनं खाली. हिशेब आला की ते उत्तर कुणालाच देता येणार नाही, आम्हालाही नाही. ज्याला तो हिशेब हवा त्याच्यासाठी भरपूर ॲपं आहेत. फीड रीडर घेणारा माणूस स्वतः निवडलेले स्रोत, स्वतःला समजणाऱ्या क्रमाने वाचायला येतो. यादी त्याची आहे, आणि हे आम्ही सोडणार नाही.

आता तुमच्या पुराबद्दल. नव्या आवृत्तीत बाजूच्या पटलात 'कमी लिहिणारे' नावाचं दालन आहे. गेल्या महिनाभरात ज्या स्रोतांनी मोजकेच लेख दिले, ते तिथे आपोआप एकत्र दिसतात. किती म्हणजे मोजके ते तुम्ही ठरवायचं. आतला क्रम वेळेचाच आहे. दुसरं, जास्त ओतणाऱ्या फीडचं नाव दाबून धरा आणि 'गठ्ठा करा' निवडा. मग त्या फीडच्या लागोपाठ आलेल्या बातम्या एका ओळीत घडी घालून दिसतात आणि दाबल्यावर उलगडतात. तिसरं, मथळ्यातल्या शब्दांवरून गाळणी लावता येते. ती आधीही होती, पण चार पडदे आत दडलेली. आता कुठल्याही मथळ्यावर दाबून धरलंत की तिथेच मिळते.

सुटसुटीत

'कमी लिहिणारे' उघडून पाहिलं. त्यातला एक ब्लॉग बंद पडला असं मी धरून चाललो होतो, त्याचे लेख येतच होते. माझं काम झालं. क्रमाबद्दल मी अजून पूर्ण पटलेलो नाही, पण आग्रहही सोडतो.

कानोसा

मी टॉकबॅकवर (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) वाचते, म्हणजे ऐकते. दृष्टी नाही. तीन गोष्टी.

एक, यादीतली ओळ आधी पाच तुकड्यांत वाचली जायची : चित्र, आयकॉन, स्रोत, मथळा, वेळ. प्रत्येक बातमीसाठी पाच वेळा बोट फिरवायचं. आता अख्खी ओळ एका दमात ऐकू येते. याबद्दल मनापासून आभार, हा बदल दिसणाऱ्यांना कळणारही नाही इतका मोठा आहे.

दोन, क्रम मात्र 'स्रोत, वेळ, मथळा' असा आहे. मला मथळा आधी हवा. मथळा ऐकून नको वाटलं तर मी पुढे जाते, स्रोताचं नाव ऐकत बसायची गरज नसते.

तीन, टॉकबॅक चालू असताना एका बोटाचा स्वाइप टॉकबॅक स्वतःसाठी घेतो. म्हणजे तुमचं सरकवून 'जपून ठेवा' माझ्यापर्यंत पोचतच नाही. त्याला दुसरी वाट आहे का?

उघडपान

कानोसा, तिसऱ्या मुद्द्याचं आधी सांगतो. टॉकबॅकच्या मेनूत 'कृती' उघडा. 'वाचलं', 'जपून ठेवा', 'पाठवा' या तिन्ही कृती प्रत्येक ओळीला जोडलेल्या आहेत. ज्यांना टॉकबॅक लागत नाही पण बोट ओढणं जमत नाही, हात थरथरतो, त्यांच्यासाठी ओळीच्या टोकाला तीन ठिपक्यांचं बटण दाखवायचा पर्याय दिला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभतेच्या नियमावलीत हे स्पष्ट सांगितलंय की ओढून होणारं काम नुसत्या टॅपनेही झालं पाहिजे. ओढण्यावर सगळा भार टाकणारं ॲप पुष्कळांसाठी बंदच असतं.

मथळा आधी वाचण्याचं लगेच करता येण्यासारखं आहे, पुढच्या दुरुस्तीत घालतो. एक विचारू का? वेळ 'तीन तासांपूर्वी' अशी ऐकायला बरी की घड्याळाची वेळ?

कानोसा

'तीन तासांपूर्वी' अशी. पण आठवड्यापेक्षा जुनी असेल तर तारीख. 'त्रेचाळीस दिवसांपूर्वी' ऐकून मला काहीच उमगत नाही.

शिरोरेषा

आता देवनागरीचं बोलू या, कारण इथले बहुतेक जण मराठी फीड वाचतात.

मथळ्यांची ओळ-उंची वाढवलीत हे उत्तम झालं. आधी दोन ओळींच्या मथळ्यात वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसत होत्या, आणि शेवटच्या ओळीचा खालचा उकार तर कापलाच जायचा. रोमन लिपीच्या मापाने बेतलेली उंची देवनागरीला पुरत नाही, तिला वरही जागा लागते आणि खालीही.

पण स्रोताचं नाव जिथे बारीक ठशात येतं, तिथे अक्षरांमध्ये अंतर सोडलंय. इंग्रजीत ते छान दिसतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे तुकडे होतात. ते काढा.

चित्र नसलेल्या स्रोताला रंगीत गोलात नावाचं पहिलं अक्षर दाखवता, त्यातही गोंधळ आहे. 'श्री'ने सुरू होणाऱ्या नावाला नुसता 'श' येतो, 'क्षि'ला 'क'.

आणि सगळ्यात खटकणारं : काही मथळ्यांत 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' झालेलं दिसतं. मूळ संकेतस्थळावर बरोबर असतं.

उघडपान

शिरोरेषा, चारही मुद्दे टिपून घेतले. अक्षरांतलं अंतर आता मजकूर कुठल्या लिपीत आहे ते पाहून लावू, देवनागरीला शून्य.

गोलातल्या अक्षराचं असं आहे : तिथे पहिलं 'अक्षर' तोडताना आपण फोनमधल्या लायब्ररीवर विसंबतो. देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम यूनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमाने हलन्तापाशी तुकडा पडतो. जुन्या फोनवर जुनाच नियम राहणार, म्हणून तोडण्याचं काम ॲपच्या आत आणतोय.

'वाऱ्यावर'चं कारण सापडलं. हा ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात 'र', हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह असतं. फीडमधून मथळा घेताना आपण कचरा म्हणून सगळी अदृश्य चिन्हं गाळतो, त्यात हेही गळतं आणि रफार उमटतो. देवनागरी मजकुरात ते चिन्ह राखायचं, एवढा बदल पुरेसा आहे.

शिरोरेषा

आणखी एक. मराठीतला 'ल' आणि 'श' हिंदी वळणाने दिसतात. फाँट तर तुम्ही सोबत दिलेलाच आहे, त्यात मराठी वळणाची रूपं आहेत.

उघडपान

रूपं आहेत, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच फाँट ती वापरतो. आरएसएसमध्ये भाषेसाठी रकाना आहे, ॲटममध्येही सोय आहे, आणि या आवृत्तीपासून आपण तो वाचतो. जिथे फीडवाल्यांनी तो रिकामा सोडलाय किंवा इंग्रजी लिहून ठेवलंय तिथे गाडं अडतं. त्यासाठी फीडच्या सेटिंगमध्ये 'भाषा' हाताने निवडता येते. तिथे मराठी करून पाहा.

कानोसा, हे तुमच्याही कामाचं आहे. भाषा नीट लागली की टॉकबॅकलाही ती कळते आणि फोनवर मराठी आवाज बसवलेला असेल तर मथळा त्याच आवाजात वाचला जातो.

कानोसा

करून पाहिलं. दोन फीडना हाताने मराठी लावलं आणि मथळे मराठी आवाजात आले. इतके दिवस ती इंग्रजी आवाजात ऐकत होते, निम्मे मथळे सोडूनच द्यावे लागायचे.

रात्रवाचन

डार्क मोडबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. वाचलेल्या बातम्यांचे मथळे आधी इतके फिके व्हायचे की रात्री काळ्यावर काळं वाटायचं. आता दिसतात. काय केलंत?

आणि सिंक दर पाच मिनिटांनी ठेवायचा पर्याय काढलात का? आता सगळ्यात कमी पंधरा मिनिटं दिसतात.

उघडपान

वाचलेला मथळा आधी फक्त रंगाने वेगळा होता. आता मुख्य फरक ठशाच्या जाडीचा आहे आणि रंग किंचितच उतरतो. दोन्ही थीममध्ये मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर ४.५:१ च्या खाली जाणार नाही याची काळजी घेतली आहे.

पाच मिनिटांचा पर्याय नावापुरताच होता. ठरावीक अंतराने करायच्या कामाला अँड्रॉइड १५ मिनिटांहून कमी अंतर देतच नाही, आणि फोन बराच वेळ नुसता पडून असेल तर डोझमुळे (बॅटरी वाचवणारी अँड्रॉइडची सोय) तेही लांबतं. जे घडणार नाही ते सेटिंगमध्ये दाखवणं बरोबर नव्हतं. त्याऐवजी यादीच्या माथ्यावर शेवटचा सिंक कधी झाला ती वेळ दिसते. हाताने ओढून सिंक कधीही करता येतो, आणि ओढलंत तरी यादी तुम्हाला वर फेकत नाही.

सिंक बिघडला तर आधी मधोमध खिडकी उघडून वाचन अडवायची. आता खूण त्या-त्या फीडच्या नावाशेजारी येते आणि दाबली की साध्या शब्दांत कारण दिसतं : सर्व्हर उत्तर देत नाही, पत्ता बदलला, की फीड कायमचं बंद झालं. सर्व्हरने ४१० हा संकेत दिला तर ते फीड गेलंच असं धरून आपण विचारणं थांबवतो. जुने लेख मात्र तुमच्याकडे राहतात.

जुनाजाणता

पत्ता बदलला असेल तर ओपीएमएल काढताना नवा पत्ता जातो की जुना? माझ्या फाइलमध्ये जुनेच दिसताहेत.

उघडपान

सर्व्हरने ३०१ दिला असेल, म्हणजे कायमचा बदल, तर नवा जातो. ३०२ असेल तर तो तात्पुरता समजून जुनाच ठेवतो. तुमची फीड बहुधा ३०२ वाली असतील. फीडच्या सेटिंगमध्ये 'पत्ता' उघडलात तर सर्व्हर कुठे पाठवतोय ते दिसेल आणि 'हाच कायम ठेवा' असं बटण आहे. एकदा ते केलंत की ओपीएमएल पुन्हा काढा.